३४ इंची कर्व्ह्ड अल्ट्रावाइड घ्यावा की २७ इंची दोन मॉनिटर?

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील फाउंड्र्यांसाठी आपण घरूनच पॅटर्न आणि कोअर बॉक्सचे, म्हणजे ओतकामाचे साचे बनवण्यासाठी लागणाऱ्या नमुन्यांचे, थ्रीडी मॉडेलिंग करता. रात्री त्याच संगणकावर ट्रक व मोटार चालवण्याचे आणि कथानक असलेले गेम खेळता. धाकटा भाऊ कधी व्हॅलोरंट खेळतो, कधी पीएस५ जोडतो. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६० आहे, सध्याचा मॉनिटर २४ इंची फुल एचडी आहे आणि मंगळवार पेठेतील घराच्या माडीवर दोन फूट खोलीच्या टेबलावर हे सारे मांडलेले आहे. अशा स्थितीत ३४ इंची कर्व्ह्ड अल्ट्रावाइड (आत वाकलेला, नेहमीपेक्षा रुंद पडद्याचा मॉनिटर) घ्यावा की २७ इंची दोन मॉनिटर, हे आपल्याला ठरवायचे आहे.

माझे मत स्पष्ट आहे. आपल्या कामाला आणि आपल्या आवडीच्या गेमना ३४ इंची, ३४४० बाय १४४० रिझोल्यूशनचा अल्ट्रावाइडच योग्य आहे. मात्र आधी टेबलाची व्यवस्था करावी आणि नंतर मॉनिटरची मागणी नोंदवावी. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण अल्ट्रावाइड घेऊन नाराज झालेले जे लोक मला भेटले, त्यांतील बहुतेकांची तक्रार मुळात पडद्याबद्दल नव्हती, तर पडदा डोळ्यांच्या फार जवळ आल्याबद्दल होती.

प्रथम मापे पाहू. ३४ इंची अल्ट्रावाइडचा पडदा साधारण ८० सेंटिमीटर रुंद आणि ३३ सेंटिमीटरांहून किंचित जास्त उंच असतो. म्हणजे उंची २७ इंची नेहमीच्या मॉनिटरएवढीच, वाढते ती फक्त रुंदी. आपल्या २४ इंची पडद्याची रुंदी सुमारे ५३ सेंटिमीटर आहे. डोळे पडद्यापासून ७० सेंटिमीटरांवर धरले, तर आजचा मॉनिटर नजरेचा सुमारे ४१ अंशांचा भाग व्यापतो आणि ३४ इंची जवळजवळ ६० अंशांचा. साठ अंशांपर्यंत मान फारशी न वळवता केवळ डोळे फिरवून काम भागते. ४९ इंची मॉनिटर याच अंतरावरून ८० अंशांच्या पुढे जातो आणि तिथे मान वळवावीच लागते. दिवसभर मॉडेलिंग करणाऱ्याला तो मी सुचवणार नाही.

आता टेबल. दोन फूट म्हणजे सुमारे ६० सेंटिमीटर. बहुतेक ३४ इंची मॉनिटरसोबत येणारे इंग्रजी व्ही आकाराचे स्टँड २५ ते ३० सेंटिमीटर खोली घेते. मॉनिटर भिंतीला टेकवून ठेवला, तरी पडदा टेबलाच्या मध्याच्या आसपास येतो. मग पुढे कीबोर्ड कसाबसा बसतो आणि आपण जरा पुढे झुकलो की डोळे ५० सेंटिमीटरांवर येतात. एवढ्या जवळून दोन्ही कडा पाहायला मान वळवावी लागते आणि सायंकाळपर्यंत मान भरून येते. यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे सुताराकडून १९ मिलिमीटर प्लायचा नवा टॉप करून घेणे आणि त्याची खोली ७५ सेंटिमीटर ठेवणे. दुसरा उपाय म्हणजे टेबलाच्या मागच्या कडेला आवळून बसवण्याचा मॉनिटर आर्म. त्याने पडदा अगदी भिंतीजवळ नेता येतो. ३४ इंची मॉनिटरचे स्टँडविना वजन बहुधा ५ ते ८ किलो असते. आर्मची क्षमता त्याहून एक-दोन किलो जास्तच घ्यावी, कारण कर्व्ह्ड पडद्याच्या कडा पुढे आल्यामुळे भारही पुढे सरकतो आणि काठावरच्या क्षमतेचा आर्म हळूहळू खाली झुकतो. तयार मिळणाऱ्या पार्टिकल बोर्डाच्या टेबलावर असा आर्म थेट आवळू नये, बोर्ड दबून फुटतो. वर आणि खाली प्लायची किंवा लोखंडाची पट्टी द्यावी. उद्यमनगरात अशी पट्टी मापाने कापून घेणे आपल्याला मुळीच अवघड नाही.

वक्रतेबद्दल आपण वेगळे विचारले आहे. १५००आर, १८००आर हे आकडे वक्रतेची त्रिज्या मिलिमीटरमध्ये सांगतात. आकडा जितका लहान तितका पडदा अधिक वाकलेला. ८० सेंटिमीटर रुंदीच्या पडद्याच्या कडा १८००आर असल्यास मध्यापेक्षा साधारण साडेचार सेंटिमीटर, १५००आर असल्यास साधारण साडेपाच आणि १०००आर असल्यास आठ सेंटिमीटर पुढे येतात. सपाट पडद्यासमोर ७० सेंटिमीटरांवर बसलो, तर त्याच्या कडा डोळ्यांपासून ८० सेंटिमीटरांवर पडतात आणि त्या तिरक्या दिसतात. वक्रता हा फरक कमी करते, एवढेच तिचे काम आहे. गेममध्ये त्याने चित्र डोळ्यांभोवती आल्यासारखे वाटते हे खरे, पण मला तिचे अधिक मोल वाटते ते कामात: कडेला उघडलेल्या ड्रॉइंगवरील बारीक टॉलरन्स (मापातील मान्य फरक) वाचताना नजरेला नव्याने जुळवून घ्यावे लागत नाही.

मॉडेलमधील सरळ रेषा वाकलेल्या दिसतील का, ही आपली शंका रास्त आहे. पहिले काही दिवस पडद्याच्या वरच्या कडेजवळची लांब आडवी रेषा किंचित वाकलेली भासते. नंतर डोळा ते गृहीत धरू लागतो आणि मापे तर सॉफ्टवेअरच सांगते, त्यामुळे पॅटर्नच्या कामात याचा अडथळा होत नाही. रेषेचा सरळपणा केवळ नजरेने ठरवावा लागतो अशा कामात, उदाहरणार्थ छपाईच्या मांडणीत, मी सपाट पडदाच घेईन. आपल्यासाठी १५००आर किंवा १८००आर योग्य. १०००आर मी टाळेन.

कामात नेमका फायदा काय होतो, ते आपल्याच कामावरून पाहू. सॉलिडवर्क्स या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डावीकडे फीचर ट्री, म्हणजे मॉडेलच्या टप्प्यांची यादी, असते. फीचरना नीट नावे देण्याची शिस्त असली, की ड्राफ्ट, फिलेट, कोअर प्रिंट अशी लांब नावे वाचण्यासाठी ती ओढून रुंद करावी लागते आणि २४ इंची पडद्यावर मॉडेलला उरलेली जागा तोकडी पडते. ग्राहकाचे पीडीएफ ड्रॉइंग पाहायचे तर मॉडेल झाकून ते पुढे आणावे लागते आणि संकोच भत्ता (थंड होताना धातू आकसतो म्हणून मापात धरलेली वाढ) तपासताना हेच सतत करत बसावे लागते. ३४४० पिक्सेलच्या रुंदीचा एक तृतीयांश भाग ड्रॉइंगला दिला, तरी सॉलिडवर्क्सला जवळपास २३०० पिक्सेल उरतात, म्हणजे आपल्या आजच्या संपूर्ण पडद्याच्या १९२० पिक्सेलपेक्षाही जास्त. आणखी एक गोष्ट मला फार उपयोगी वाटते. ए३ कागद आडवा ४२ बाय २९.७ सेंटिमीटर असतो. तो या पडद्यावर मूळ मापात जवळजवळ पूर्ण मावतो आणि शेजारी मॉडेलसाठी बरीच रुंदी शिल्लक राहते. पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात ती रेषा) कुठून न्यावी हे ठरवताना ड्रॉइंग आणि मॉडेल असे एकत्र समोर असणे म्हणजे निम्मे काम सोपे होणे होय.

खिडक्या मांडण्यासाठी विंडोज ११ मध्ये विंडोज आणि झेड ही बटणे एकदम दाबल्यावर तयार मांडण्या मिळतात. त्या अपुऱ्या वाटल्या, तर मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या मोफत संचातील फॅन्सीझोन्स बसवून आपल्या सोयीचे भाग आखून घ्यावेत. मीटिंगमध्ये ग्राहकाला मॉडेल दाखवताना मात्र पूर्ण पडदा शेअर करू नका. त्यांच्या साध्या लॅपटॉपवर तो रुंद पडदा आक्रसून अरुंद पट्टी होतो आणि अक्षरे वाचता येत नाहीत. फक्त सॉलिडवर्क्सची खिडकी शेअर करावी.

दोन मॉनिटरची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. २७ इंची दोन पडद्यांचे एकूण क्षेत्रफळ ३४ इंची एका पडद्याच्या सुमारे दीडपट भरते आणि २५६० बाय १४४० चे दोन घेतले, तर रुंदी ५१२० पिक्सेल मिळते. एक बिघडला तरी दुसऱ्यावर काम चालू राहते. दिवसभर केवळ कोष्टके, टॅली आणि ईमेल हाताळणाऱ्याला मी डोळे झाकून दोन मॉनिटरच सुचवतो. आपल्या बाबतीत अडचण अशी, की दोन्ही सारख्या अंतरावर ठेवले तर चौकटींची जोडरेषा नेमकी समोर येते, आणि एक समोर व दुसरा बाजूला ठेवला तर गेम शेवटी एकाच २७ इंची पडद्यावर खेळला जातो. शिवाय दोन्हींची मिळून रुंदी १२० सेंटिमीटर होते, म्हणजे टेबल लांबही हवे.

पॅनलच्या, म्हणजे पडद्याच्या प्रकाराच्या, निवडीत घाई करू नका. स्वस्त कर्व्ह्ड मॉनिटरमध्ये बहुधा व्हीए पॅनल असते. त्याचा कॉन्ट्रास्ट (उजळ आणि काळ्या भागांतील फरक) साधारण ३०००:१ असतो, आयपीएस या दुसऱ्या प्रकाराचा साधारण १०००:१, त्यामुळे अंधाऱ्या दृश्यांत व्हीएचा काळा रंग खरोखर काळा वाटतो. त्याचा दोष हालचालीत दिसतो. काळ्या पार्श्वभूमीवरील राखाडी मजकूर वर-खाली सरकवला, की अक्षरांमागे डागासारखी छटा ओढली जाते. रात्रीच्या रस्त्यावर ट्रक चालवताना कडेच्या झाडांमागेही तीच दिसते. सॉलिडवर्क्स आपण फिकट पार्श्वभूमीवर वापरत असाल, तर कामात याचा त्रास होणार नाही. अंदाजपत्रकात बसत असेल तर आयपीएस घ्यावे. ओएलईडी हा तिसरा प्रकार गेमसाठी निर्विवाद सर्वोत्तम आहे, परंतु तासन्‌तास एकाच जागी स्थिर राहणारे टूलबार आणि टास्कबार पडद्यावर कायमचा ठसा सोडण्याचा धोका त्यात असतो आणि काही ओएलईडी पॅनलवर बारीक अक्षरांच्या कडांना रंगीत झालर दिसते. रोज आठ-दहा तास मॉडेलिंग करणाऱ्याला मी तो सुचवत नाही. २५६० बाय १०८० रिझोल्यूशनचे ३४ इंची मॉनिटरही स्वस्तात दिसतील. त्यांच्याकडे वळूही नका. त्यांच्यावर दर इंचाला सुमारे ८२ पिक्सेल पडतात आणि अक्षरे भरड दिसतात. ३४४० बाय १४४० मध्ये ते सुमारे ११० असतात.

गेमच्या बाबतीत भार ग्राफिक्स कार्डावर येतो. फुल एचडीत सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, ३४४० बाय १४४० मध्ये ४९.५ लाख, म्हणजे जवळजवळ २.४ पट. आरटीएक्स ३०६० ट्रक आणि मोटारींच्या बहुतेक गेमना पुरेल. नव्या जड गेममध्ये डीएलएसएस (कमी पिक्सेलचे चित्र काढून ते मोठे करण्याची कार्डाची सोय) सुरू करून सेटिंग मध्यम ठेवावे लागेल. युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये रुंदीचा लाभ सर्वांत जास्त जाणवतो, कारण समोरचा रस्ता आणि बाजूचा आरसा एकाच नजरेत येतात. मात्र सगळेच गेम ही रुंदी वापरत नाहीत. एल्डन रिंग मुळात नेहमीच्या पडद्याच्या १६:९ या प्रमाणातच (रुंदी:उंची) चालतो आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडतो. व्हॅलोरंटही या रुंदीचा जादा फायदा खेळाडूला देत नाही, त्यामुळे भावाला त्या गेमसाठी या खरेदीचा उपयोग नाही. पीएस५ अल्ट्रावाइडच्या २१:९ प्रमाणाचे चित्र देतच नाही. सप्टेंबर २०२२ च्या अपडेटपासून त्यावर १४४०पी (२५६० बाय १४४०) मिळते, ते मॉनिटरने स्वीकारले तर मध्ये २५६० पिक्सेलचे चित्र आणि दोन्ही बाजूंना ४४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या दिसतील. चित्र ताणून रुंद दिसू लागले, तर मॉनिटरच्या मेनूत आस्पेक्ट रेशो मूळ प्रमाणावर ठेवावा.

संगणक डिस्प्लेपोर्टनेच जोडावा आणि एचडीएमआय पीएस५साठी मोकळे ठेवावे. अनेक मॉनिटरवर एचडीएमआय २.० असते आणि त्यावरून ३४४० बाय १४४० ला सुमारे १०० हर्ट्झच (सेकंदाला १०० चित्रे) मिळतात, डिस्प्लेपोर्ट १.४ वरून १४४ हर्ट्झ सहज मिळतात. केबल जोडल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हा आकडा, म्हणजे रिफ्रेश रेट, बऱ्याचदा स्वतः निवडावा लागतो. तो ६० वरच राहिलेले कितीतरी मॉनिटर मी पाहिले आहेत.

किमतीबाबत एक सूचना. ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे. त्यापूर्वीच्या लेखांतील किमती पाहून तुलना करू नका. आपल्या व्यवसायाची जीएसटी नोंदणी असेल, तर बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्यावा आणि इनपुट क्रेडिटबद्दल आपल्या सीएंना विचारावे.

पावसाळ्यात वीज वरचेवर जाते, म्हणून यूपीएसचाही हिशेब करावा. ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. आरटीएक्स ३०६० एकटेच १७० वॅटपर्यंत घेते, त्यात प्रोसेसर आणि मॉनिटरचे सुमारे ५० वॅट धरले, तर ऐन गेममध्ये वीज गेल्यावर तो दगा देऊ शकतो. १००० व्हीएचा घ्यावा.

शेवटी खरेदीबद्दल. शक्य असल्यास राजारामपुरीतील किंवा शाहूपुरीतील दुकानातून, तिथेच चालू करून घ्यावा आणि पूर्ण पांढरा, पूर्ण काळा व राखाडी रंग पडद्यावर आणून डाग, मृत पिक्सेल आणि कोपऱ्यांतून फुटणारा उजेड तपासावा. ऑनलाइन घेतला, तर खोके फोडतानाचे सलग चित्रीकरण करावे. वॉरंटीत तंत्रज्ञ कोल्हापुरात घरी येतो की मॉनिटर पुण्याला पाठवावा लागतो, हे पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्यावे आणि पाठवावा लागणार असेल, तर मूळ खोके व आतील थर्मोकोल वॉरंटी संपेपर्यंत सांभाळून ठेवावे, कारण वक्र पडदा साध्या खोक्यात बांधून पाठवता येत नाही.