डाळ का शिजत नाही?

प्रश्न : हरिश्चंद्रगडावर आमची मूगडाळ-खिचडी छान होते. हिमालयात ३,७०० मीटरवर मात्र तासभर उकळूनही डाळ टचटचीत राहिली. गॅस कमी पडला का?

उत्तर : गॅस नव्हे, हवेचा दाब कमी पडला. दर ३०० मीटरला पाण्याचा उकळबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. हरिश्चंद्रगडावर (१,४२४ मीटर) पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं, तुमच्या तळावर ८८ला. आच वाढवली तरी ते त्याहून तापत नाही, नुसतं आटतं.

तीन लिटरचा कुकर न्याच, वजन सोसून. दोघांना एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, साडेचार वाट्या पाणी. डाळ तासभर भिजवा. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, डाळीचा फेस शिट्टीत अडकतो. शिट्टी झाली की आच मंद करून दहा मिनिटं ठेवा, वाफ आपोआप जिरू द्या. तूरडाळ, राजमा घरीच ठेवा.

थंडीत ब्युटेनचं कार्ट्रिज (स्टोव्हचा छोटा गॅसचा डबा) शून्य अंशाजवळ मलूल होतं. रात्री ते स्लीपिंग बॅगेत घ्या. पण ते शेकोटीशी शेकू नका आणि बंद तंबूत स्टोव्ह कधीच पेटवू नका : स्टोव्हमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.