क्लोराइडला जागा देणारी वाटी

प्रश्न : इतक्या ऋण आयनांतून कृत्रिम रेणू हवा तोच कसा वेचतो?

उत्तर : माझा लाडका रेणू कॅलिक्सपायरोल. जर्मन रसायनज्ञ बायर यांनी तो १८८६ मध्ये बनवला. तो ऋण आयन धरतो हे उमगायला १९९६ उजाडलं. एकशे दहा वर्षं! त्याची चार पायरोल वलयं (चार कार्बन आणि एक नायट्रोजन यांची कडी) एरवी आलटूनपालटून वर-खाली असतात. क्लोराइड आला की चारही एन-एच (नायट्रोजनला जोडलेले हायड्रोजन) त्याच्याकडे वळतात, वाटी होते. एनएमआर ही रेणूतल्या हायड्रोजनभोवतीची स्थिती दाखवणारी चाचणी; तिच्या आलेखाच्या मापपट्टीवर एन-एचचं शिखर ७ वरून ११ कडे सरकलं की आयन धरला गेला, आणि ते सरकताना मी आजही थबकून बघते.

खरी झुंज पाण्याशी. आयनाभोवतीचं पाणी सोडवायला ऊर्जा लागते, सल्फेटला क्लोराइडच्या सुमारे तिप्पट. त्यामुळे नुसतं माप जुळून भागत नाही. पोकळीतल्या हायड्रोजन बंधांनी ती भरपाई करावी लागते.