बूट बदलले, तरी गुडघा दुखतोच
(वाचकांचे प्रश्न, क्रीडावैद्यकाची उत्तरे)

प्रश्न : माझे वय २२ वर्षे असून चौदा आठवड्यांनी माझे सैनिकी प्रशिक्षण सुरू होणार आहे. पूर्वी मी आठवड्यातून तीन दिवस चार-चार किलोमीटर धावत असे. निवड झाल्याचे कळल्यावर सहा दिवस आठ-आठ किलोमीटर धावू लागलो आणि त्यांपैकी दोन दिवस पाठीवर दहा किलोचे ओझे घेऊ लागलो. तिसऱ्या आठवड्यात उजव्या गुडघ्याच्या वाटीभोवती दुखू लागले. जिना उतरताना आणि बराच वेळ गुडघा मुडपून बसल्यावर दुखणे वाढते. सूज नाही. दुकानात तळव्याचा ठसा घेऊन माझे पाय सपाट असल्याचे सांगण्यात आले आणि आतल्या बाजूने आधार देणारे महागडे बूट मी घेतले, पण महिन्याभरात काहीही फरक पडलेला नाही. कोणते बूट घ्यावेत? धावणे पूर्ण बंद करावे का?

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे उत्तर बुटांमध्ये शोधण्याआधी तुम्हीच दिलेल्या आकड्यांचा हिशेब करून पाहा. आठवड्याला बारा किलोमीटर धावणारा माणूस एकदम अठ्ठेचाळीस किलोमीटर धावू लागला, म्हणजे भार चौपट झाला, आणि त्यात ओझ्याची भर पडली. या वेगाने वाढवलेला भार कोणत्याही बुटाने पेलला नसता. निवडीच्या आनंदात असे करणारे तुम्ही एकटे नाही. माझ्याकडे येणाऱ्या होतकरू सैनिकांपैकी बहुतेकांची कहाणी याच वळणाची असते.

तुम्ही सांगितलेली लक्षणे गुडघ्याची वाटी आणि मांडीचे हाड यांच्यामधल्या सांध्यावर ताण आल्याची आहेत. गुडघा वाकतो तेव्हा ही वाटी मांडीच्या हाडावरील खाचेतून वरखाली सरकते, आणि वाकलेल्या गुडघ्यावर मांडीचा स्नायू जितका जोर लावतो तितकी ती हाडावर दाबली जाते. म्हणूनच सपाट रस्त्यावर चालताना काही जाणवत नाही, पण जिना किंवा उतार उतरताना आणि उकिडवे बसताना दुखते. बहुतेक वेळा यात काही फाटलेले किंवा झिजलेले नसते. सांध्याभोवतालच्या ऊती त्यांना सवय नसलेल्या भाराची तक्रार करत असतात. ही तक्रार ऐकली तर ती काही आठवड्यांत शमते, आणि दुर्लक्ष करून रेटत राहिले तर महिनोन्महिने रेंगाळते.

येथे फसगत होते ती श्वासामुळे. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच सरावतात, दम लागेनासा होतो, आणि आपण तयार झालो असे वाटू लागते. स्नायूबंध आणि हाडे मात्र सावकाश बदलतात. नव्या भाराला तोंड देताना हाड आधी जुना भाग काढून टाकते आणि मग नवा भरते. या मधल्या काळात, साधारणपणे तयारीच्या पहिल्या एक-दोन महिन्यांत, ते पूर्वीपेक्षा थोडे दुबळेच असते.

आता बुटांविषयी. तळव्याच्या ठशावरून बूट ठरवण्याची पद्धत फार प्रचलित आहे आणि ऐकायला ती शास्त्रीयही वाटते. सपाट तळव्याला आत झुकणे रोखणारा बूट, मध्यम कमानीला स्थिरता देणारा आणि उंच कमानीला मऊ गादीचा, अशी ती विभागणी आहे. अमेरिकेच्या भूदलात, हवाई दलात आणि मरीन दलात नव्या भरतीच्या जवानांवर ही पद्धत प्रत्यक्ष तपासून पाहण्यात आली. एका गटाला कमानीप्रमाणे बूट दिले, तर दुसऱ्या गटातील सर्वांना, कमान कशीही असो, एकाच प्रकारचे स्थिरता देणारे बूट दिले. २००९ आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतील दुखापतींमध्ये म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. तेव्हा दुकानदाराने तुम्हाला फसवले असे मी म्हणणार नाही, पण त्या ठशावर गुडघ्याचे भवितव्य अवलंबून नाही एवढे खात्रीने सांगतो.

याचा अर्थ बूट कसाही चालतो असा नव्हे. पायात घालून काही मिनिटे धावून पाहिल्यावर जो बूट कुठेही टोचत, दाबत किंवा घसरत नाही आणि ज्याचा विसर पडतो, तो तुमचा बूट. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, नेहमीचे मोजे घालून तो घेऊन पाहावा आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा सोडावी. टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरकही विचारून घ्या. टाच बरीच उंच असलेल्या बुटातून एकदम सपाट बुटात गेल्यास गुडघ्यावरचा काही भार कमी होतो खरा, पण तो नाहीसा होत नाही. तो पोटरी आणि टाचेमागच्या स्नायूबंधावर जातो. प्रशिक्षण तोंडावर असताना एक दुखणे देऊन दुसरे विकत घेण्यात शहाणपणा नाही. तुमचे सध्याचे बूट आरामदायी वाटत असतील तर तेच वापरा, नवीन घेऊ नका.

धावणे पूर्ण बंद करण्याची गरज दिसत नाही. पहिले दोन आठवडे दिवसाआड, सपाट जमिनीवर, तीन मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे अशा पद्धतीने वीस ते पंचवीस मिनिटे घालवा. दुखण्याला शून्य ते दहा यांपैकी गुण द्या. धावताना ते तीनपर्यंत राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वीइतकेच असले, तर भार योग्य आहे. सकाळी जिना उतरताना ते वाढलेले जाणवले, तर पुढच्या वेळी अंतर कमी करा. माझ्या अनुभवात हा सकाळचा जिना महागड्या घड्याळापेक्षा अधिक खरे बोलतो. त्यानंतर चालण्याचा वाटा कमी करत सलग धावण्याकडे या आणि दर आठवड्याला थोडेच अंतर वाढवा; तीन आठवडे वाढवल्यावर चौथ्या आठवड्यात ते मुद्दाम कमी करा. आधी अंतर वाढवावे आणि वेग नंतर. दोन्ही एकाच आठवड्यात वाढवू नयेत. दम टिकवण्यासाठी मधल्या दिवशी सायकल किंवा पोहणे चालेल.

तुमच्या पत्रात ज्याचा उल्लेख नाही, पण ज्याचा गुडघ्यावर बुटापेक्षा अधिक परिणाम होतो, अशी एक गोष्ट म्हणजे पावलांची संख्या. नेहमीच्या वेगाने धावताना एका मिनिटात दोन्ही पायांची मिळून किती पावले पडतात ते मोजा. ती १६० असतील, तर वेग तोच ठेवून १६८ ते १७६ पर्यंत, म्हणजे पाच ते दहा टक्क्यांनी, वाढवण्याचा प्रयत्न करा. पावले आपोआप आखूड होतात, पाय शरीराच्या फार पुढे न पडता जवळ पडतो आणि प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावर येणारा भार घटतो. पहिले काही दिवस ही चाल दुडकी आणि हास्यास्पद वाटेल, वाटू द्या.

यासोबत आठवड्यातून दोन-तीनदा मांडी आणि नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम करावे लागतील. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणे, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणे, बुटक्या पायरीवरून एका पायाने सावकाश खाली येणे आणि भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसणे हे चार व्यायाम पुरेसे आहेत. पायरीवरून उतरताना गुडघा आत झुकतो का हे आरशात पाहा. झुकत असेल, तर पायरी आणखी बुटकी घ्या. गुडघ्याला पट्टी किंवा टेप लावल्याने काहींना सुरुवातीला बरे वाटते आणि तेवढ्यापुरता त्याचा वापर करण्यास हरकत नाही, पण वेदनाशामक गोळी घेऊन धावणे मात्र टाळा. गोळीने गुडघा बरा होत नाही, फक्त त्याचा आवाज बंद होतो. शिवाय उन्हात, शरीरातले पाणी कमी झालेले असताना अशा गोळ्या मूत्रपिंडांना अपाय करू शकतात.

ओझे घेऊन धावणे आजपासून बंद करा. गुडघा शांत झाल्यावर ओझे घेऊन फक्त चाला, तेही आठवड्यातून एकदा, कमी वजनापासून सुरुवात करून. आणि एका आठवड्यात अंतर वाढवले, तर वजन तेच ठेवा. शेवटच्या दहा-बारा दिवसांत एकूण सराव बराच कमी करा, कारण प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यांत चालणे, उभे राहणे आणि कवायत यांची जी भर पडते, तिच्यासाठी ताजे पाय हवे असतात. वैद्यकीय तपासणीत हे दुखणे लपवू नये, हेही सांगून ठेवतो. लपवलेला गुडघा प्रशिक्षणाच्या मध्यावर उघडा पडतो, आणि तेव्हा परतीची वाट अधिक लांब असते.

गुडघ्यावर सूज आली, तो अडकू लागला, चालताना अचानक दगा देऊ लागला किंवा रात्री विश्रांतीतही ठणकू लागला, तर मात्र ही सर्व योजना बाजूला ठेवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मी २० वर्षांची असून सैनिकी प्रशिक्षणाची तयारी करत आहे. नडगीच्या आतल्या कडेला एका विशिष्ट जागी बोटाने दाबले की कळ येते. पूर्वी धावल्यावर दुखत असे, आता चालतानाही दुखते. वजन कमी करण्यासाठी मी जेवण बरेच कमी केले असून गेले तीन महिने पाळी आलेली नाही. मऊ गादीचे बूट घेतल्याने उपयोग होईल का?

उत्तर : नाही, आणि कृपया उद्यापासून धावू नका. नडगीच्या कडेने वीतभर पसरलेले दुखणे आणि एकाच बोटाखाली सापडणारी कळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट हाडाला बारीक तडा जाऊ लागल्याची खूण असू शकते, आणि चालतानाही दुखणे म्हणजे ती पुढच्या टप्प्यावर गेल्याची शक्यता. सैनिकांचे हे दुखणे जुने आहे. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या वैद्याने १८५५ मध्ये लांब कूच करणाऱ्या जवानांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन केले होते. ते हाडाचे तडे आहेत हे क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर कळले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्रायली सैन्यातील एका अभ्यासात २९५ नव्या जवानांपैकी ३१ टक्क्यांना प्रशिक्षणकाळात असे तडे गेल्याचे आढळले.

बुटांचा प्रयोगही त्याच सैन्यात झाला. काही जवानांना नेहमीच्या लष्करी बुटांऐवजी सुधारित बास्केटबॉलचे बूट देण्यात आले. त्यांच्या पावलांच्या दुखापती कमी झाल्या, पण अतिताणाच्या दुखापतींचे एकूण प्रमाण घटले नाही. म्हणजे बुटाच्या गादीचा प्रभाव पावलापाशीच जवळजवळ संपतो. पुढे तेथे रोज किमान सहा तासांची झोप सक्तीची करण्यात आली आणि कूच करण्याचे एकूण अंतर घटवण्यात आले, तेव्हा हाडांच्या तड्यांचे प्रमाण लक्षणीय रीतीने उतरले.

तुमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिली आहे. खर्च होणाऱ्या ऊर्जेपेक्षा आहार कमी पडला की शरीर पाळी थांबवते, त्याच वेळी हाडांची भरपाईही मंदावते, आणि मग साध्या सरावानेही तडा जाऊ शकतो. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि अस्थिरोगतज्ज्ञ या दोघांनाही याच आठवड्यात भेटा आणि दोघांनाही दोन्ही तक्रारी सांगा. साध्या क्ष-किरण चित्रात ताजा तडा पुष्कळदा दिसत नाही, त्यामुळे चित्र स्वच्छ आले तरी कळ कायम असल्यास एमआरआयविषयी विचारा. प्रशिक्षणाची तारीख पुढे ढकलावी लागली तर वाईट वाटेल, परंतु पूर्ण मोडलेल्या नडगीसह घरी परतण्यापेक्षा ते बरे.

प्रश्न : माझ्या सोळा वर्षांच्या मुलाला सैन्यात जायचे आहे. त्याच्या गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा टणक उंचवटा आला असून उड्या मारल्यावर तो दुखतो. बूट चुकीचे असतील का?

उत्तर : वाढीच्या वयात वाटीखालचा स्नायूबंध नडगीच्या ज्या जागी जोडलेला असतो, तेथे हाड अजून पक्के झालेले नसते, उड्या आणि वेगवान धावणे यांच्या ओढीने ती जागा दुखावते आणि उंचवटा येतो. बुटांचा दोष नाही. वाढ पूर्ण झाल्यावर दुखणे बहुधा थांबते, उंचवटा मात्र राहू शकतो. तोपर्यंत उड्या कमी कराव्यात, दुखण्याच्या मर्यादेत खेळू द्यावे, आणि एकदा डॉक्टरांना दाखवून निदानाची खात्री करून घ्यावी.

प्रश्न : धावण्याचे बूट कधी बदलावेत, आणि प्रशिक्षणापूर्वी लष्करी बुटांत धावण्याचा सराव करावा का?

उत्तर : साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळाची गादी दबते. वजन अधिक असलेल्यांच्या बाबतीत ती लवकर दबते. वरून बूट नवा दिसत असला तरी तळ एका बाजूला कललेला असेल, तर तो बदलावा. शक्य असल्यास दोन जोड आलटून पालटून वापरावेत. पावसात भिजलेला जोड वाळायलाही त्यामुळे वेळ मिळतो.

लष्करी बूट जड आणि कडक असतात, त्यामुळे त्यांत धावण्याचा सराव आधीपासून करण्याचे मला तरी कारण दिसत नाही. ते आधी मिळाले असतील, तर त्यांत चाला : पहिल्या आठवड्यात घरात आणि अंगणात, मग अर्धा तास, मग तासभर. फोड कुठे येतात ते त्या चालण्यातच कळेल, आणि मोजे बदलायला वेळही हाताशी असेल.