बरीच वर्षं मुंबईत राहून गोव्यातल्या दिवाडी बेटावर परततोय. बोंदेरा, पोटेकार, फेस्तं… गावच्या परंपरांत पुन्हा कसं मिसळावं?

बोंदेरा ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी, पोटेकार (मुखवटे घालून घाबरवणाऱ्यांचा सण) कार्निव्हालच्या दिवसांत. फेरी जुने गोवे, रायबंदर आणि नार्वे इथून, पूल नाही. हे तुम्हाला ठाऊकच असणार. खटकलं ते वेगळंच: एवढ्या यादीत शेताचं नाव नाही.

बोंदेरा मुळात कशाचा? हद्दींवरून गावकऱ्यांत भांडणं व्हायची, म्हणून पोर्तुगीज अमलात हद्दीवर बावटे रोवले गेले आणि लोकांनी ते दगड मारून पाडले, असं गाव सांगतो. दगडांची जागा आज फोटाशीने, म्हणजे बांबूच्या खेळण्यातल्या बंदुकीने घेतलीय. जमिनीच्या हद्दीवरचा सण आहे हा. तेव्हा आधी शेतावर जा, मिरवणूक नंतर.

तुमचं शेत खाजनात, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत असेल तर ते भरतीच्या पातळीखाली आहे, बांध आणि मानस (बांधातलं झडपेचं दार) यांच्या जोरावर टिकलेलं. मानशीची झडप कोणी उघडमीट करत नाही. भरती बाहेरून दाबते तेव्हा ती चौकटीला चिकटते. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून नदीत जातं. सगळा जीव त्या सांध्यात. काटकी किंवा प्लास्टिकची पिशवी अडकून बोटभर फट राहिली, तरी भरतीचे सहा तास खारं पाणी आत येत राहतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला, भरती पूर्ण चढल्यावर, आतल्या बाजूला उभे राहून कान द्या. पाण्याची सुरसुर आली तर झडप नीट बसलेली नाही. मग ओहोटीला काठीने सांधा साफ करा.

त्याच भरतीत बांधाचा आतला उतार बघा. ओला डाग दिसला की वर कुर्लीचं (खेकड्याचं) बीळ आहे समजा. नुसतं तोंड बुजवू नका, पाणी बाजूने वाट काढतं. शेवटापर्यंत खणा, मग शेतातलाच चिकट चिखल आणि पेंढा थराथराने घालून प्रत्येक थर पायाने तुडवा. मुरूम चालत नाही, त्यातून पाणी झिरपतं. काँक्रीटची भिंतही मला पटत नाही: खालचा चिखल बसतो, भिंत बसत नाही, आणि मधल्या पोकळीतून नदी आत येते. बाहेरची खारफुटी लाटा झेलते, तिला हात लावू नका.

फसगत होते ती जुलैत. पावसात मांडवी नदीचं पाणीच गोडं होतं, त्यामुळे गळती कळत नाही. पाऊस ओसरला की नदी पुन्हा खारट होते आणि नेमकं कणीस भरताना भात करपतं. दुरुस्ती मेमध्येच उरकायची.

नांगरणीही मेमध्ये, ढेकळं उघडी ठेवून. पहिल्या पावसाचं पाणी साचू द्यायचं, ओहोटीला मानशीतून सोडायचं, असं दोन-तीनदा. जिभेला खारट लागेनासं झालं की बी. कोरगूट, म्हणजे खारं सोसणारं इथलं जुनं भात, एक दिवस-रात्र भिजवून, निथळून, गोणपाटात दोन दिवस दाबून ठेवा. पांढरा कोंब दिसला की शेतात फेका. जुनं बी मिळालं नाही तर पलीकडे जुने गोव्यात एला येथे आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) संस्था आहे. तिथल्या गोवा धान १ आणि २ या जाती कोरगुटातूनच निवडलेल्या आहेत.

आता लिलाव. मानशीवर रात्री ओहोटीला जाळं लावायचा हक्क लिलावात जातो, त्या पैशातून बांध राखायचा, ही रीत. ज्यांनी वर्षानुवर्षं माझ्याशी वाद घातलाय की "भातात तोटा, सुंगटांत (कोळंबीत) पैसा, झडप उघडीच राहू दे", ते चुकीचेच आहेत. उघड्या झडपेतून आलेलं खारं पाणी शेजाऱ्याच्याही शेतात पसरतं, त्याला कोणी विचारत नाही. लिलावाच्या बैठकीला जाऊन बसा. झडप कोण राखणार आणि पैसा बांधावर किती लागणार, हे तिथे विचारा. गावात मिसळायची याहून चांगली जागा मला माहीत नाही.

एक राहिलंच. आधी १ व १४ चा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद काढा. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर कसणाऱ्याचं नाव तिथे लागलेलं असू शकतं. तसं असेल तर नांगर न घालता आधी त्यांच्या घरी जा आणि या बांधाच्या कामाला माणूस हवाय का विचारा. आणि तुमचं घर टेकडीच्या अंगाला असून खाजनात तुकडाच नसेल, तर वरचं शेतीचं सगळं सोडून द्या. बैठकीचं मात्र सोडू नका.