रिकामा डबा परत करू नये

"मावशी, सलाम. दीड वर्षापूर्वी मिस्टरांना अर्धांगवायूचा झटका आला. मी शिवणकाम करून घर चालवते. महिला मंडळात सांगितलं, रोज रात्री देवाचे पाच उपकार वहीत लिहायचे. महिनाभर लिहिले. परवा 'घर दिलंस, अन्न दिलंस' असं तेच ते लिहिताना रडू कोसळलं आणि वही कपाटात मागे टाकून दिली. खोटं बोलल्यासारखं वाटतं. माझा विश्वास उणा पडला का?"
— एक भगिनी, नगर जिल्हा

प्रिय लेकी, तुलाही सलाम.

विश्वास उणा असता तर ते खोटं तुला टोचलंच नसतं.

'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा,' असं बायबलमध्ये प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो. त्यातला 'स्थितीत' हा शब्द सावकाश वाच. आजारपणात उपकारस्तुती कर म्हणणं वेगळं आणि आजारपणाबद्दल कर म्हणणं वेगळं. झटका आला म्हणून देवाचे आभार मान, असं कोणी सांगितलं तर मुळीच ऐकू नकोस.

बायबलमधलं दावीद राजाचं तेरावं स्तोत्र काढ. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत तो देवाला चार वेळा विचारतो, कोठवर? अगदी शेवटी उपकारांचं गाणं येतं. तक्रार आधी, गाणं नंतर. तुझ्या वहीत तक्रारीला जागाच ठेवली नव्हती, मग रडू येणारच. प्रभू येशूनंही भाकर हातात घेऊन उपकारस्तुती केली ती त्याला धरून दिलं त्याच रात्री, आणि त्यानंतर गेथशेमाने बागेत तो किती व्याकूळ झाला हे तू वाचलेलं आहेस.

माझे मालक गेले तेव्हा महिनाभर माझ्या तोंडून प्रार्थना निघाली नाही. शेजारची बाई रोज संध्याकाळी डबा पाठवायची, मेथीची भाजी आणि फडक्यात गुंडाळलेल्या दोन बाजरीच्या भाकरी. एकदा डबा घासून पुसला आणि आईचं बोलणं आठवलं, कुणाचं भांडं रिकामं परत करू नये. घरात मूठभर शेंगदाणे होते, तेच घातले. झाकण लावताना तोंडून निघालं, 'प्रभू, हिच्या लेकराबाळांचं भलं कर.' मालक गेल्यावरची ती माझी पहिली प्रार्थना.

म्हणून वही बाहेर काढ. पाच उपकार नकोत, एकच पुरे, पण त्याच दिवसाचा आणि डोळ्यांनी पाहिलेला: आज त्यांनी डाव्या हातानं पेला धरला, गिऱ्हाइकानं ब्लाउजचे पैसे वेळेवर दिले. त्याच्या वरच्या ओळीत जे सलतंय ते लिही, देवाला उद्देशूनच लिही. काहीच सुचलं नाही त्या रात्री पान कोरं राहू दे. ज्या माणसामुळे तो उपकार झाला, त्याला दुसऱ्या दिवशी तोंडानं सांग. आपल्याकडे हे फार कमी होतं. देवाचे आभार मोठ्यानं मानतो आणि औषधं आणून देणाऱ्या पुतण्याला गृहीत धरतो.

आणखी एक, हे मला वहीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. दीड वर्ष तू एकटीनं उचलतेयस. चर्चच्या पाळकसाहेबांना स्पष्ट सांग, आठवड्यातून दोन तास कोणीतरी मिस्टरांजवळ बसायला हवं. मंडळी त्यासाठीच असते. त्या दोन तासांत शिवण घेऊन बसू नकोस, झोप. झोप लागतच नसेल किंवा रडं थांबत नसेल, तर डॉक्टरांना दाखव, त्यात विश्वास कमी होत नाही.

पुढच्या पत्रात मिस्टरांच्या तब्येतीचं कळव, आणि तुझ्याही.

तुझी मावशी