रडू नकोस म्हणणारी कविता

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

सतराव्या शतकातला इंग्रज कवी जॉन डन याच्या निरोपाच्या कवितेवरचं ('A Valediction: Forbidding Mourning') तुझं टिपण वाचलं. प्रतिमांची यादी चोख आहे: शांतपणे प्राण सोडणारा सज्जन, भूकंप, सोन्याचा पत्रा, कंपास. पण समोर प्रेयसी रडतेय आणि प्रवासाला निघालेला कवी तिची समजूत घालतोय, याचा त्यात पत्ताच नाही. एक दाखला पुरत नाही म्हणून तो दुसरा काढतो. सहाव्या कडव्यात ठासून सांगतो, आपले आत्मे एकच आहेत. ही ताटातूट नव्हे, ठोकून ठोकून हवेइतक्या पातळ केलेल्या सोन्यासारखं पसरणं आहे. आणि सातव्यात लगेच माघार: बरं, दोन असलेच तर कंपासच्या पायांसारखे. तुझं टिपण या माघारीपासून सुरू व्हायला हवं.

आता कंपासपेटीतला पेन्सिल लावायचा कंपास काढ आणि कागदावर फिरवून बघ. टोकाचा पाय जागा सोडत नाही, पण दुसरा लांब जाईल तसा तोही कलतो. डनने हे बारकाईने पाहिलंय. घरी राहिलेली बाई त्याच्या लेखी नुसती खिळून बसलेली नाही. पण आणखी एक बघ. वर्तुळ पुरं झालं तरी पेन्सिल मध्याच्या तसूभरही जवळ आलेली नसते. ती घरी येते कंपास मिटल्यावर, आणि तेव्हाच दोन्ही पाय ताठ उभे राहतात. डन या दोन वेगळ्या हालचाली बेमालूम एकत्र करतो. ही चलाखी की गडबड, ते तू ठरव.

चरित्राबद्दल थोडंसंच. ॲन मोरशी त्याने 1601 मध्ये गुपचूप लग्न केलं, त्यापायी नोकरी गेली, तुरुंगही पाहिला. 1611 मध्ये तो आपले आश्रयदाते सर रॉबर्ट ड्रुरी यांच्याबरोबर युरोपात निघाला तेव्हा ती गरोदर होती. तो तिकडे असताना मूल मृत जन्मलं. ही कविता त्याच निरोपाची, असं डनचा चरित्रकार आयझॅक वॉल्टन सांगतो. पण तो हे लिहितोय कित्येक दशकांनंतर, तेव्हा सगळा डोलारा त्यावर उभारू नकोस. एवढं मात्र कवितेतूनच दिसतं: जाणारा तो, आणि रडू नकोस म्हणणाराही तोच. अश्रू ढाळणं म्हणजे आपल्या प्रेमाची विटंबना, हा युक्तिवाद जाणाऱ्याच्या किती सोयीचा आहे! (मला तो अजूनही थोडा खटकतो.)

अठराव्या शतकातला इंग्रज समीक्षक डॉ. जॉन्सन याला 1779 मध्ये प्रश्न पडला होता, या कंपासमध्ये हास्यास्पदपणा जास्त की कल्पकता. त्याला टिपणात जागा दे, पण कागदावरचा प्रयोग झाल्यावर. कविता छत्तीसच ओळींची आहे. पाठ कर आणि पुढचा खर्डा पुस्तक मिटून लिही.

तुझा,
सर