क्रिएटिनिन नॉर्मल आहे, मग मूत्रपिंडं ठीक ना?

आजार मधुमेहाचा, रक्तदाबाचा किंवा सांध्यांचा. नुकसान मात्र मूत्रपिंडांचं. हा संबंध न कळल्याने पडलेले प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यातले काही आज घेतो.

प्रश्न : रक्तदाब आहे. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक रोज घेतली तर चालेल का?

उत्तर : नाही. असं वेदनाशामक रोज घेतलं तर रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. पर्याय डॉक्टरांना विचारा, औषधाच्या दुकानात नाही.

प्रश्न : मधुमेहाला १२ वर्षं झाली. क्रिएटिनिन १.१ आहे, पण लघवीला फेस येतो. काळजी करावी का?

उत्तर : करावी, आणि तपासणी याच आठवड्यात करावी. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, फार उशिरा वाढतं. मूत्रपिंडांची जवळपास निम्मी क्षमता गेली तरी रिपोर्टवर ते नॉर्मल दिसू शकतं. ते स्नायूंतून तयार होतं, त्यामुळे वयस्क, किडकिडीत माणसात तर ते आणखी फसवतं. मधुमेहात आधी बिघडते ती मूत्रपिंडांतली गाळणी. तिच्यातून अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागतं. म्हणून लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तपासायचं, शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीत. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत ठीक. ३० ते ३०० म्हणजे झीज सुरू झाल्याची शंका. ३०० च्या वर गंभीर. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशीचा जोराचा व्यायाम यांनीही आकडा वाढतो, म्हणून एका रिपोर्टवर शिक्का मारू नये; ३ ते ६ महिन्यांत ३ पैकी २ वेळा वाढलेला हवा. लघवीत पट्टी बुडवून केलेल्या साध्या तपासणीत सुरुवातीची गळती निसटते. टाइप २ मधुमेहात ही चाचणी निदान झाल्यापासून दरवर्षी, टाइप १ मध्ये ५ वर्षांनंतर दरवर्षी करावी. सवलतीत विकल्या जाणाऱ्या ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये साठ-सत्तर आकडे असतात आणि नेमकी हीच चाचणी बरेचदा नसते, याचा राग येतो. कारण या टप्प्यावर रक्तदाब १३०/८० च्या आत आणला, टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल ही रक्तदाबाची, डॅपाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचं अशी औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली, तर झीज मंदावते. क्रिएटिनिन ४ झाल्यावर यातलं बरंचसं हातातून गेलेलं असतं.

प्रश्न : टेल्मिसार्टन सुरू केल्यावर क्रिएटिनिन १.२ चं १.४ झालं. शेजारी म्हणतात, गोळीनेच किडनी जाते. बंद करू?

उत्तर : मनाने बंद करू नका. गाळणीवरचा दाब उतरल्यामुळे ३० टक्क्यांपर्यंत वाढ अपेक्षित असते. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम १-२ आठवड्यांत पुन्हा तपासून डॉक्टरांना दाखवा. उलट्या-जुलाब लागले, तर गोळी काही दिवस थांबवायची का, हे त्याच दिवशी त्यांना फोन करून विचारा.

प्रश्न : वडिलांना इन्सुलिन ३० युनिट लागायचं, आता १२ पुरतं. काढ्याने मधुमेह सुधारला का?

उत्तर : बहुधा नाही. इन्सुलिनचा काही भाग मूत्रपिंडं नष्ट करतात. ती थकली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं आणि रात्री साखर अचानक उतरू शकते. क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (मूत्रपिंडं किती वेगाने रक्त गाळतात त्याचा अंदाज) लगेच करा. काढा थांबवा आणि त्याची बाटली सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : मुलगी २३ वर्षांची. सांधे दुखतात, उन्हात गालांवर चट्टे उठतात, हल्ली सकाळी पापण्या सुजतात. मलम चालू आहे.

उत्तर : मलमावर वेळ घालवू नका. हा ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, असू शकतो, आणि पापण्यांची सूज मूत्रपिंडांकडे बोट दाखवते. लघवीतली प्रथिनं व रक्तपेशी, रक्तदाब, क्रिएटिनिन, एएनए (ल्युपसच्या शंकेत करायची रक्ततपासणी) हे सगळं या आठवड्यात व्हायला हवं. मूत्रपिंडतज्ज्ञांनी बायोप्सी सुचवली तर टाळू नका; औषध किती तीव्र द्यायचं ते बायोप्सीवरून ठरतं. उपचारात स्टिरॉइड सुरू झालं, तर बरं वाटलं म्हणून ते एकदम सोडायचं नाही, हे मुलीला आधीच सांगून ठेवा.